ब्रेक दाबला होता

पेडलच्या क्रँकचा नट सुटेपर्यंत पडवीत कुणीच बोललं नाही.

नम्रता गुडघे टेकून बसली होती. क्रँक ओढून काढणाऱ्या पुलरचा दांडा तिनं दोन्ही हातांनी धरला होता, आणि तिचा नवरा प्रमोद इलेक्ट्रिक सायकलीचा जुना सांगाडा पायांत दाबून उभा होता, सैल सोडला तर तो पळून जाईल अशा बेतानं. कोपऱ्यात सासूबाई, सीताबाई, केरसुणीसाठी नारळाच्या झापांचे हीर काढत बसल्या होत्या. त्यांची सुरी नारळाच्या पातीवरून सरकली की एक लांब, कोरडा आवाज येई, थांबे, पुन्हा येई. त्या दोन आवाजांमधली जागा तिघांनी मिळून राखली होती. तिथं कुणी शब्द ठेवला असता तर तो तडकला असता.

नट करकरला आणि सुटला.

"सुटला," प्रमोद म्हणाला.

नम्रतानं नुसती मान हलवली. क्रँक ओढून काढला, फडक्यावर ठेवला, आणि पेडलची चाल ओळखणाऱ्या सेन्सरची बारीक तार नखानं मोकळी केली. तिच्या हातांना हे काम नवं नव्हतं. आयटीआयमधून वायरमन होऊन ती मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत कंट्रोल पॅनेलच्या वायरिंगचं काम करी. दिवसभर शेकडो तारा ज्याच्या त्याच्या घरी नेऊन पोचवी. सायकलीतल्या तारा मूठभर होत्या. प्रत्येकीला तिनं सकाळीच रंगीत चिकटपट्टीचा तुकडा लावला होता: मोटरीला लाल, डिस्प्लेला पिवळा, ब्रेकच्या स्विचला हिरवा. बॅटरी काढून उंबऱ्याच्या आत ठेवली होती. भिंतीला टेकून नवी फ्रेम उभी होती, काळी, कोरी, कुठलाच उतार न पाहिलेली.

"एवढी तारांची गुंतवळ डोक्यात ऱ्हाते हिच्या," सीताबाई सुरी न थांबवता म्हणाल्या, "मागं पोर बसलाय, ह्या मात्र नाय ऱ्हात."

प्रमोदनं फ्रेम उगाच जरा वर उचलली. नम्रतानं तोंडातला केबल टाय दातांत घट्ट धरला.

दसऱ्यानंतर सायकल पहिल्यांदा बाहेर काढली तो सोमवार तिच्या अंगात अजून तसाच थांबलेला होता. मागच्या सीटवर लेक सानवी, तिच्या पाठीला दप्तर, आणि वाडीतून खाली उतरणारी घाटी. जिथं रस्ता जांभ्याच्या दगडी कुंपणापाशी, गडग्यापाशी, वळतो तिथं तिनं दोन्ही ब्रेक दाबले होते. दोन्ही. ब्रेक हाताला लागले, चाकांना लागले नाहीत. मुठीत सगळं घट्ट होतं आणि खाली सगळं वाहत होतं. मग गडगा आला. फ्रेमची मान जिथं जोडली होती तिथं भेग गेली, आणि सानवीचा उजवा हात कोपराखाली मोडला.

त्या संध्याकाळी प्रमोद सायकल उचलून आणायला गेला. वाकलेलं चाक खांद्यावर घेण्याआधी त्यानं चारचौघांसमोर दोन्ही ब्रेक दाबून पाहिले. तार ताठ होती. "ब्रेक तर ठीक आहेत," तो म्हणाला. त्यानं एवढंच म्हटलं. उरलेलं वाक्य वाडीनं पुरं केलं. दाबलेच नसतील. मोबाइल वाजला असेल. बाईच्या हातात मोटर म्हणजे असंच.

नम्रता पहिले काही दिवस भांडली. मग भांडण आत वळलं. पॅनेलमध्ये स्क्रू आवळताना तिची बोटं मध्येच हवेत मिटत, नसलेला ब्रेक दाबत, आणि ती स्वतःलाच विचारी: अशीच मिटली होती ना? की मी ते नंतर रचलं? आठवण ही ओल्या भिंतीसारखी असते. ज्यानं त्यानं हात लावला की त्याच्या बोटांचे ठसे तिच्यावर उठतात, आणि आपले कुठले ते पुढं सांगता येत नाही.

दिवाळीत ठरलं की सायकल द्यायची. प्रमोदचा मावसभाऊ सागर देवरूखात कुरिअर वाटतो, त्याला हवी होती, आणि सीताबाईंनी आपल्या बहिणीला तसा शब्दही देऊन टाकला. मोडकी कशी द्यायची, म्हणून प्रमोदनं कंपनीच्या मागे लागून बदली फ्रेम मागवली. ती आली तेव्हा नम्रता एवढंच म्हणाली, "द्यायची तर द्या. पण बांधीन मी."

घराला वाटलं, तिनं मानलं. तिला सायकल उघडून बघायची होती. कुणी ऐकत नव्हतं, निदान लोखंडानं तरी खरं सांगावं. आज रविवार, दुपारी सागर टेम्पो घेऊन येणार होता. त्याच्याआधी काही सापडलं नाही, तर तो उतार कायमचा तिच्या नावावर चढणार होता.

प्रमोदचा फोन वाजला. त्यानं स्पीकर लावला.

"दादा, हातखंब्याला चहा घेतोय," सागरचा आवाज पडवीभर झाला. "वहिनी आहेत का? वहिनी, तो हॉर्न काढून ठेवू नका हां. देवरूखच्या बाजारात कुत्रीसुद्धा हॉर्नशिवाय हलत नाहीत."

"ठेवते," नम्रता म्हणाली.

"आणि ब्रेक जरा—"

तो अडखळला. प्रमोदनं घाईघाईनं "ये तू, ये," म्हणत फोन बंद केला. पुन्हा सुरीचा तो लांब आवाज.

नम्रता मागच्या चाकाकडे सरकली. आधी मोटरीची लाल पट्टीची तार सोडवली, मग धुरीवरचे नट, मग ते कान असलेले वायसर, जे मोटरीला जागच्या जागी धरतात. ते कुठल्या अंगानं बसले होते ते तिनं बोटानं पुन्हा चाचपून पाहिलं. चाक निघालं. आता फ्रेमवर उरला मागच्या ब्रेकचा कॅलिपर, चाकाच्या चकतीला दोन्ही बाजूंनी पकडणारा तो मुठीएवढा जबडा. दोन बोल्ट. तिनं एल कीनं ते सोडले, जबडा तळहातावर घेतला, खीळ काढली आणि आतले दोन्ही पॅड बाहेर ओढले.

पॅड पाटीसारखे कोरडे, भुरे असायला हवे होते. हे काळे होते आणि चकाकत होते. जबड्याच्या कोनाकोनांत काहीतरी पिवळसर साकळलं होतं. तिनं ते नखावर घेतलं, नाकाजवळ नेलं.

खवट. ओळखीचं. देवघरातल्या जुन्या समईच्या बुडाशी असतं तसं. आणि त्या खवटपणाच्या तळाशी, अगदी पुसट, हळद.

बाहेर खळ्यावर ऊन होतं, पेंढ्याच्या उडवीवर एक कावळा बसला होता, आणि कितीतरी दिवसांत पहिल्यांदा तिची बोटं तिला पूर्णपणे स्वतःची वाटली.

"वास घे," ती प्रमोदला म्हणाली.

सासूबाईंसमोर ती त्याला कधी अरे-तुरे करत नसे. सुरी क्षणभर चुकली. प्रमोदनं पॅड घेतला, हुंगला, पुन्हा हुंगला.

"खोबरेल?"

"हळदीसकट."

"तेल लागलंय तर लागलंय," सीताबाई म्हणाल्या. "लोखंडाला तेल लावतातच. ह्या खाऱ्या हवेत नाय लावलास तर महिन्यात नुसती तांबेर. दसऱ्याला कोयती, खोरं, पहार, सगळ्यांना मी तेलाचा हात देतंय. माझी सासू देत व्हती. त्यात काय झाला?"

"कोयतीला लावायचंच, आई." नम्रतानं आवाज खाली ठेवला, तो वर जाऊ पाहत होता. "पण ही चकती कोरडी हवी. कोरडी असली तरच हे पॅड तिला धरतात. तेल लागलं की आपण कितीही दाबा, ती त्यांच्यातून निसटते. ओला बांगडा मुठीत धरावा तशी. हाताला वाटतं, धरलं."

पातीवर टेकलेली सुरी तिथंच राहिली.

सीताबाईंनी आधी चकतीकडे पाहिलं, मग पॅडकडे, मग घराच्या आतल्या अंधाराकडे, जिथं सानवी डाव्या हातानं चित्रं रंगवत बसली होती. "दसऱ्याला..." त्या म्हणाल्या. गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. "चुलीवर भात हाय," असं काहीसं पुटपुटत आत गेल्या. भात सकाळीच झाला होता. हिरांचा ढीग आणि सुरी तशीच मागं राहिली.

"पुढचे पण बघ," प्रमोद म्हणाला.

पुढचं चाक रत्नागिरीतून नवंच बसवून आणलं होतं, नव्या चकतीसकट. पण कॅलिपर जुनाच. तिनं तो उघडला. तेच काळं रेशीम, तीच पिवळी साय. प्रमोद तिच्यासमोर उकिडवा बसला. कॉलेजच्या ऑफिसात वीस जणांचे अर्ज एका नजरेत चाळणारा माणूस त्या चार चिमुकल्या तुकड्यांकडे बराच वेळ पाहत राहिला.

"म्हणजे तू दाबला होतास."

"मी हेच सांगत होते."

"तार ताठ होती गं. मी स्वतः बघितलं."

"तार ताठच असणार. चाक फिरवून बघितलंस?"

"पुढचं वाकलं होतं, फिरत नव्हतं. मागचं नाही बघितलं."

"मग 'ठीक आहेत' कशाच्या जोरावर म्हणालास? सगळ्यांसमोर?"

त्यानं तोंड पुसलं. काळं तेल गालाला लागलं, आणि त्याला ते कळलं नाही. ती हसली असती, एरवी.

"चूक झाली," तो म्हणाला. मग लगेच, जणू चुकीजवळ फार वेळ उभं राहवत नसावं, "पण हे केलं कुणी? मी दसऱ्याला नुसता हार घातला. तू?"

"मी पुरणात होते."

"मग आईच. नाहीतर आणखी कुणी." तो उठला, खळ्यात दोन पावलं गेला, परत आला. "हे बघ. सागरला परत पाठवायचा तर आईला तिच्या बहिणीला दिलेला शब्द मोडावा लागेल. शब्द मोडायला कारण लागतं. नुसतं 'तेल होतं' म्हणून चालणार नाही. उद्या म्हणतील, ही आता तेलावर ढकलतेय. कुणी लावलं ते कळलं पाहिजे. नाव असलं की संपलं."

"तू स्पिरिट आण आधी," नम्रता म्हणाली. "मोटरीच्या चाकाची चकती पुसायचीय."

तो आत गेला. नम्रतानं नवी फ्रेम जवळ ओढली.

रिकाम्या फ्रेमला कान लावला तर शंखासारखा काहीतरी दूरचा आवाज येतो. ती तार ओवू लागली. कंट्रोलर पेटीत बसवला. हिरव्या पट्टीची तार खालच्या नळीतून शिरून वर मानेपाशी यायला हवी होती आणि मध्येच कुठंतरी अडत होती. तिनं केरसुणीसाठी काढलेला एक हीर उचलला, त्याच्या टोकाला तार बांधली आणि हळूहळू आत सारला. नारळाच्या पातीचा तो कणा नळीतून वळला आणि मानेच्या भोकातून बाहेर आला.

"आई."

सानवी उंबऱ्यावर उभी होती. गळ्यातल्या झोळीत प्लास्टर, प्लास्टरवर कुणीकुणी काढलेली फुलं.

"तार आली?"

"आली."

ती जवळ येऊन बसली आणि फडक्यावरच्या पॅडकडे बोट दाखवून म्हणाली, "बाबा ह्याचा वास का घेत होते? मी आतून बघितलं."

"कशाचा वास आहे ते ओळखत होते."

"खोबरेलाचा." सानवीचा चेहरा उजळला. "मला माहीत आहे. मीच लावलंय."

नम्रताच्या हातातला हीर मोडला. अगदी बारीक आवाज झाला.

"कधी गं?"

"दसऱ्याला. आजी कोयत्यांना बोट देत होती ना, तेव्हा. आजीनं मला वाटी दिली. म्हणाली, तुझ्या आयशीच्या सायकलीला पण लाव, नायतर रुसेल ती." ती आजीचा हेल काढून म्हणाली आणि स्वतःच हसली. "मी दोन्ही ताटल्यांना लावलं. चिंधीनं. दोन्ही बाजूंनी. मग हळद. एवढी चमकली, की माझं तोंड दिसत होतं." मग थोडं थांबून, कामाची चौकशी करावी तसं, "गंज नाही ना लागला?"

नम्रतानं तिच्याकडे पाहिलं. चोळून चोळून चमकवलेली ती ताटली, आणि तिच्यात वाकडं होऊन हसणारं एक तोंड. सोमवारी सकाळी हेच तोंड तिच्या पाठीला टेकून गाणं म्हणत होतं.

"नाही," ती म्हणाली. "कुठंच नाही लागला."

"बाबांना सांगू?"

"बाबांनी ओळखलंय. तू जा, चित्र पुरं कर."

पोर गेली, आणि नम्रता मोडका हीर हातात धरून बसली.

तिला आता नाव माहीत होतं. ते उच्चारलं की सायकल तिची, मूठ तिची, तो सोमवार तिचा. प्रमोद मुळीच वाईट नव्हता. तो आईला सांगेल, आई बहिणीला, आणि तिथून ते वाटेला लागेल. आणि ह्या वाडीत गोष्ट वाटेला लागली की परत येत नाही. इथं माणसाला बारशाचं नाव आईबाप देतात आणि दुसरं त्याच्या हातून झालेली पहिली आगळीक. समोरच्या घरातल्या बाबूकाकांनी पोरपणी उडवीशेजारी कंदील ठेवला होता. पेंढा जळाला, दुसऱ्या वर्षी पुन्हा रचला गेला. बाबूकाका मुंबईत गिरणीत गेले, गिरणी बंद झाली, केस पांढरे करून परत आले. अजून त्यांना कुणी 'उडव्या बाबू'शिवाय हाक मारत नाही. प्रेमानंच मारतात. तेही हसून ओ देतात. एकदा नम्रतानं त्यांना देवळामागे एकटेच, आपल्याच नावानं कुणी बोलावलं नसताना, "ओ" म्हणताना ऐकलं होतं.

उद्या कुणी मैनाकाकू प्लास्टरवर टिचकी मारून म्हणेल, तुझा हात तूच गो मोडून घेतलास. हसतच म्हणेल. आणि पोरीला आपली ती लखलखती ताटली आठवेल.

प्रमोद स्पिरिटची बाटली घेऊन आला. तिनं चिंधी भिजवली आणि मागच्या चाकाची चकती पुसायला घेतली. चिंधी पिवळी झाली, दुसरी घेतली, तिसरी कोरडीच निघाली. फ्रेमच्या खोक्यातून आलेले नवे पॅड तिनं दोन्ही जबड्यांत बसवले. ती बोलत नव्हती, आणि ह्या न बोलण्याचा पोत मघापेक्षा वेगळा होता. प्रमोदला तो कळत नव्हता, म्हणून तो जास्त बोलत होता.

"आईनं कबूल केलं नाही. विचारलं मी. म्हणाली, माझ्या कोयत्यांना मी लावलं, तुमच्या सायकलीला हात लावला नाय. शपथ घेतली ग्रामदेवतेची."

"खरंच सांगतायत," नम्रता म्हणाली. "चाक धर."

धुरी खाचेत बसली. वायसरचे कान आपापल्या जागी गेले. नट आवळताना तिनं सारा भार पान्यावर टाकला. साखळी, क्रँक, सेन्सर. हँडल मानेत उतरलं. लाल लालला, पिवळी पिवळीला, हिरवी हिरवीला. सांध्यांवर टाय आवळून तिनं त्यांची शेपटं दातांनी तोडली. शेवटी आतून बॅटरी आणली, रुळावर सरकवली आणि किल्ली फिरवली.

डिस्प्ले उजळला. प्रमोदनं सीटखाली धरून मागचं चाक अधांतरी उचललं, तिनं हातानं पेडल फिरवलं. मोटर हलली नाही.

"का गं?"

ती खाली वाकली. सेन्सरचा प्लग बोटानं चाचपला. अर्धाच बसला होता. दाबला. टक्. पुन्हा पेडल. मागच्या चाकातून एक गुणगुण उठली, वाढली, आरे अदृश्य झाले, आणि चाकाच्या वाऱ्यानं फडक्यावरचे टायचे तुकडे उडाले. प्रमोदनं मान मागे घेतली.

नम्रतानं ब्रेक दाबला.

चाक थांबलं. हळूहळू नव्हे, दार लागावं तसं. प्रमोदच्या खांद्यांना हिसका बसला. तो पेडल फिरवी, ती ब्रेक दाबी, चाक थांबे. चौथ्यांदा त्यानं फिरवलंच नाही. नुसता सायकल धरून उभा राहिला, आणि त्याचा चेहरा असा झाला की नम्रताला त्याची दया आली असती, थोडी आधी.

"थांबतं," तो म्हणाला.

"थांबतं."

फोन वाजला. सागर. प्रमोदनं तो कानाला लावला. "हां... मिरजोळ्याला आलास? नाही, नाही, ये तू... थांब, मी करतो तुला." त्यानं फोन छातीशी दाबून धरला, माणसाचं तोंड दाबावं तसा, आणि चाक खाली टेकवलं.

"हे बघ नम्रता. तो पाच मिनिटांत इथं उभा राहील. माझं ऐक. आईला मी आत्ता सांगतो, सागरला वाटेतूनच परत लावतो, मावशीची समजूत मी काढतो. वाडीत ज्यांच्यासमोर बोललो त्यांच्यासमोर पुन्हा बोलतो, की ब्रेक दाबला होता हिनं. सगळं करतो. मला फक्त सांग, तेल लावलं कुणी? तुला कळलंय. तुझ्या तोंडावर दिसतंय मला. मघापासून तू बोलत नाहीयेस."

आतल्या दारात सीताबाई येऊन उभ्या राहिल्या होत्या. पदराचं टोक त्यांनी बोटाभोवती इतकं गुंडाळलं होतं की बोट पांढरं पडलं होतं. त्यांच्या मागं जमिनीवर सानवी पोटावर पालथी पडून, जीभ बाहेर काढून, डाव्या हातानं एका सायकलीला चाकं काढत होती. प्लास्टर कागदावर वजनासारखं ठेवलं होतं, कागद उडू नये म्हणून.

नम्रतानं सासूबाईंकडे पाहिलं. तिनं त्यांना वेळ दिला. सीताबाईंचे ओठ हलले, डोळे प्लास्टरवर जाऊन परत आले, आणि ओठ मिटले. त्या नातीला झाकत होत्या की स्वतःला, हे त्या चेहऱ्यावरून वाचता येत नव्हतं. बहुधा त्यांनाही आता ते दोन वेगळे करता येत नसावेत.

"आईनं का?" प्रमोद हळू आवाजात म्हणाला. "आईनं असेल तरी सांग. मी रागावणार नाही. म्हातारं माणूस आहे. पण कुणीतरी केलंय ना? आपोआप तर लागत नाही तेल. एक नाव, नमू. माझ्यासाठी सांग. मी महिनाभर तुझ्यावर... मला ते कुठंतरी ठेवायला जागा हवी."

हे मात्र त्यानं खरं सांगितलं, आणि तिला ते ऐकू आलं. जागा हवी होती. आधी ती तिच्यात केली होती. ती आता रिकामी झाली म्हणून तो दुसरी शोधत होता, दारोदार, हात भरलेला घेऊन.

ती खाली वाकली. हत्यारं फडक्यात गुंडाळली. जुने चार पॅड त्या पिवळ्या चिंध्यांत बांधले आणि कुर्त्याच्या खिशात घातले. बॅटरीची किल्ली काढून त्यांच्यावर ठेवली.

"नम्रता."

तिनं स्टँड पायानं वर घेतला. हँडल धरलं.

"अगं, कोण? निदान हो-नाही तरी म्हण. आईनं?"

खालच्या वळणावरून टेम्पोचा हॉर्न ऐकू आला, लांब, खुशीत वाजवलेला. सानवीनं मान वर केली. "सागरकाका!" सीताबाई दारातून पुढं आल्या आणि पडवीच्या खांबाला धरून थांबल्या.

"कोण, नम्रता?"

नम्रता सायकल हातानं ढकलत खळ्यात उतरली. पेंढ्याच्या उडवीला वळसा घालून ती कुंपणाच्या मागच्या बेड्याकडे निघाली, जिथून पाखाडीची पायवाट टेम्पोच्या रस्त्याला न लागता मिरजोळ्याकडे उतरते. दोन्ही ब्रेकवर तिची बोटं सैल होती. बेड्यापाशी पोचल्यावर तिनं आडवा बांबू सरकवला, सायकल पलीकडे काढली, बांबू पुन्हा जागेवर लावला, आणि मागे न बघता चालू लागली.